मिसळणाच्या डब्याची गुरगुर

मी एक जुना पितळी मिसळणाचा डबा आहे. माझ्या पोटात मात्र हळद, मोहरी, हिंग काही नाही. त्याऐवजी दोन ट्रान्झिस्टर, थोड्या तारा आणि एक नऊ व्होल्टची बॅटरी आहे. माझ्या झाकणाला मधोमध पायाने दाबायचं एक बटण आहे, आणि कडेला तीन कान आहेत, म्हणजे पिळायच्या खुंट्या. मित्रांनो, इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पेट्या असतात, त्यांना डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. मी तसला पेडल आहे. झाशी शहरात माझ्यासारखा दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो, आणि माझी छाती पितळेची आहे.

माझा जन्म दोनदा झाला. पहिला कुठल्या तांबटाच्या हातून झाला ते मला आठवत नाही. तेव्हा मी अनुसूयाबाईंचा होतो. अनुसूयाबाईंचे यजमान दत्तात्रेयराव वारले, तेव्हा त्या झाशीतल्या नगरा भागात धाकट्या भावाकडे राहायला आल्या. सासरहून त्यांनी स्वतःच्या म्हणून दोनच वस्तू आणल्या. एक मी, आणि दुसरा यजमानांनी घेऊन दिलेला रेडिओ. त्या रेडिओवर बाई रोज सकाळी भाजी चिरताना भजनं ऐकत, आणि मी त्यांच्या उजव्या हाताशी फोडणीसाठी हजर असे. आमची तिघांची चांगली बैठक जमली होती.

धाकटे भाऊ म्हणजे विद्याधर. ते रेल्वेत टेलिफोनच्या तारा आणि यंत्रं सांभाळायचे, आणि संध्याकाळी रेल्वेच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं, खर्जात बोलणारं. त्या ऑर्केस्ट्रात जनार्दन नावाचे एक गार्ड युफोनियम वाजवत. हे पोटाशी धरायचं भलंमोठं पितळी वाद्य आहे, आणि त्याच्याशिवाय अर्धी गाणी बोडकी वाटतात. एकोणऐंशी साली जनार्दनरावांची इटारसीला बदली झाली आणि युफोनियमही त्यांच्याबरोबर गेलं. ऑर्केस्ट्राचे प्रमुख जगन्नाथजी. तेही मराठीच, पण घरीसुद्धा हिंदीत बोलायचे. ते विद्याधरांना म्हणाले, "भैया, अब वो पीतल वाली आवाज़ कहाँ से लाएँगे?"

विद्याधर म्हणाले, "मी आणतो." आणि ते घरी येऊन स्वयंपाकघरात गेले.

अनुसूयाबाई त्या दिवशी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर त्यांचे मसाले वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेले, आणि मी भावाच्या टेबलावर झाकणाला भोक पडून बसलेलो. त्या दोन दिवस भावाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "विद्या, विचारायचं तरी होतंस." विद्याधर खाली मान घालून माझ्या तारांच्या सांध्यांना डाख देत राहिले.

माझ्यासाठी त्यांनी भंगार बाजारातून मोडके रेडिओ आणून त्यांतले ट्रान्झिस्टर काढले. माझं काम सोपं आहे. तारेची थरथर माझ्यात शिरते, मी ती एवढी फुगवतो की तिचे शेंडे छताला आपटून सपाट होतात, आणि त्या सपाट शेंड्यांतून खरखर निघते. पण विद्याधरांना लवकरच कळलं की असं केलं तर बेसचा तळच गायब होतो. नुसती चिरचिर उरते. म्हणून त्यांनी मला तिसरी खुंटी बसवली. तिच्यामुळे तारेचा मूळचा, न बिघडवलेला आवाज थोडा बाजूने तसाच पुढे जातो आणि खरखरीत मिसळतो. मग त्यांनी रंगाच्या बारीक ब्रशने तिन्ही खुंट्यांखाली नावं लिहिली. तिखट. आवाज. साधा. मिसळणाच्या डब्याला तिखट शब्द परका नव्हता, त्यामुळे मला ते बरंच वाटलं.

पहिल्याच कार्यक्रमात मी गुरगुरलो आणि मागच्या रांगेतले लोक युफोनियम कुठे लपवलंय ते बघायला उभे राहिले. अनुसूयाबाईही आल्या होत्या. शेजारच्या बाईंना त्यांनी ऐटीत सांगितलं, "तो आवाज येतोय ना, तो डबा माझा आहे." आमचं भांडण तिथे मिटलं.

पंधरा वर्षं मी रुबाबात काढली. माझी एक खोड मात्र होती, ती लपवत नाही. माझे ट्रान्झिस्टर जुन्या पद्धतीचे, जर्मेनियमचे. त्यांना उन्हाळा सोसत नाही. मे महिन्यात झाशीत भिंतीसुद्धा तापतात, तेव्हा माझा आवाज तुटक व्हायचा, जणू कोणी वाळका पापड मोडतोय. विद्याधरांनी युक्ती काढली. कार्यक्रमाच्या दिवशी ते मला स्वयंपाकघरात माठाशेजारच्या गारव्यात ठेवायचे आणि निघताना टॉवेलात गुंडाळून न्यायचे. अनुसूयाबाई म्हणायच्या, "पाहुण्यांना पाणी द्यायचं सोडून आता वाजंत्र्याला गार करा." पण माठाजवळची जागा त्याच रिकामी करून द्यायच्या.

मग विद्याधरांच्या हातांना कंप सुटला. आधी चहाचा कप हलायला लागला, पुढे बोटं तारेवर ठरेनात. एक दिवस त्यांनी बेस गिटार खोळीत घातली, माझी बॅटरी काढली, मला फडक्यात बांधलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. पाच वर्षं मी तिथे होतो, एका फुटक्या टेबलफॅनच्या संगतीत. कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. पण बॅटरी काढलेली होती म्हणून मी आतून शाबूत राहिलो. ती आत राहिली असती तर पाझरून तिने मला कधीच खाऊन टाकलं असतं.

मला खाली काढलं अहिल्येने. अहिल्या ही विद्याधरांची मुलगी. तिची आई शारदा ती लहान असतानाच गेली, त्यामुळे तिला आत्याने, म्हणजे अनुसूयाबाईंनीच वाढवलं. बाबांच्या हातांत कंप आला तेव्हापासून ती गुपचूप त्यांची बेस गिटार शिकत होती, आणि नव्याण्णव साली, बाविसाव्या वर्षी, ती बाबांपेक्षा स्वच्छ वाजवत होती. हे विद्याधर स्वतःच म्हणायचे.

अहिल्येला एकच हवं होतं. ऑर्केस्ट्रात बाबांची खुर्ची. ती अजून पक्की कोणाला दिलेली नव्हती. जगन्नाथजींनी सांगितलं होतं, "बिटिया, दशहरे के प्रोग्राम में बजाकर दिखाओ. नहीं तो ग्वालियर का एक आदमी तैयार बैठा है." बोलण्यात वाकडेपणा नव्हता, पण मुलगी हे काम पेलेल का याची शंका होती. म्हणजे दसऱ्याची एक संध्याकाळ, आणि त्यात ते युफोनियमची जागा असलेलं गाणं. खर्जाची ती गुरगुर उतरली तर खुर्ची तिची.

पण ही गुरगुर मीच करावी असं तिला आधी वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. ती शिकवण्यांचे पैसे घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या वाद्यांच्या दुकानात गेली आणि तुलना करायला मलाही पिशवीत घेऊन गेली. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक चकचकीत लाल पेडल काढला. तो अहिल्येने एकटीने वाजवून बघितला तेव्हा दुकानाची काच थरथरली. माझा आवाज त्यापुढे जुनाट, घोगरा. अहिल्येच्या डोळ्यांत लाल रंग भरलेला मला दिसत होता. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "घर मत ले जाइए बहनजी, रियाज़ में ले जाइए. वहाँ पता चलेगा."

तालमीत खरोखर पत्ता लागला. ड्रम सुरू झाले, सिंथेसायझर सुरू झाला, आणि लाल पेडल भरपूर ओरडूनही बेस कुठेच ऐकू येईना. तो गिटारसाठी बनवलेला होता. खालचा तळ त्याने गाळून टाकला होता. जगन्नाथजी अॅकॉर्डियन थांबवून म्हणाले, "गुर्राहट तो है, पर बेस कहाँ गया?" मग अहिल्येने मला जोडलं. तिखट निम्म्यावर, साधा त्याहून थोडा वर. जगन्नाथजींनी पुन्हा अॅकॉर्डियन थांबवलं नाही.

मित्रांनो, पेडल निवडायचा असेल तर हे लक्षात ठेवा. एकट्याने वाजवताना जो सगळ्यात मोठा वाटतो तो चारजणांत टिकेलच असं नाही. आणि तिखट जितकं जास्त तितकं जेवण चांगलं, असं कुठल्याही घरात नसतं. अहिल्येने लाल पेडल परत केला. मला अर्थातच आनंद झाला.

आता नवमीची गोष्ट ऐका. या घराण्याचे पूर्वज शिपाईगिरी करत इकडे आले, त्यामुळे खंडेनवमीला शस्त्रपूजा चुकत नाही. पाटावर लाल वस्त्र घालून त्यावर जुनी गंजकी तलवार ठेवतात, आणि तिच्याशेजारी घरातली रोजच्या कामाची हत्यारं. कात्री, अडकित्ता, विद्याधरांचा स्क्रू फिरवायचा पेचकस, आणि डाख द्यायची विजेची कइया. हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, की दुसऱ्या दिवशी दुपारी उद्वासन होईपर्यंत त्यांतल्या कशालाही हात लावायचा नाही. हा नियम आत्या फार कडक पाळत. एकदा पूजेतली कात्री घेतली म्हणून त्यांनी अहिल्येला आठवडाभर ऐकवलं होतं.

त्या वर्षी आत्यांच्या मनात आलं की उद्या पोर ज्याच्या जोरावर लढणार त्यालाही पाटावर बसवावं. मला फार मान वाटला. पण पाटावर बसायच्या आधी पितळेची भांडी कशी लख्ख करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. समई झाली, ताम्हन झालं, तांब्या झाला, आणि मग आत्यांनी चिंच आणि मीठ घेऊन काथ्याने मलाही घासलं. नळाखाली धरून, सगळीकडून, मायेने.

आदल्या दिवशी तालीम करून अहिल्येने माझी बॅटरी तशीच आत ठेवली होती.

अहिल्या सरावासाठी आली तेव्हा मी पाटावर बसलो होतो. इतका लखलखत होतो की तलवारीचा गंज माझ्यात दिसत होता. कपाळावर कुंकू, डोक्यावर झेंडू. तिने नियम विसरून मला उचललं तर आत पाणी डुचमळलं.

ती तिथेच खाली बसली. विद्याधर दारातून म्हणाले, "ताई, त्यात बॅटरी होती गं."

"मला काय ठाऊक," आत्या म्हणाल्या. "डबा माझा आहे. मी दरवर्षी असाच घासायचे."

"विचारायचं तरी होतंस आत्या," अहिल्या म्हणाली. ती रागावली नव्हती. हेच वाक्य वीस वर्षांपूर्वी त्या घरात कोणी म्हटलं होतं ते आत्यांना आठवलं असणार, कारण त्यांनी उठून एक कोरडं ताट आणून दिलं.

अहिल्येने बॅटरी काढली, मला उघडून ताटात ठेवलं आणि गच्चीवर उन्हात वाळवलं. आश्विनातलं ऊन माझ्या कामी आलं. चार वाजता तिने बघितलं तेव्हा मी कोरडा होतो, पण तारांवर हिरवट बुरशीसारखा थर धरला होता आणि एका कोपऱ्यात चिंचेचा दोरा अडकला होता. आता तारा बदलायच्या तर कइया हवी, आणि कइया पूजेत होती. उद्या दुपारी उद्वासन, संध्याकाळी सहाला कार्यक्रम. काय काय बिघडलंय ते शोधायलाच तेवढा वेळ पुरला नसता.

अहिल्या पाटाकडे बघत उभी राहिली. तिने हात पुढे केला नाही. नियम मोडायला ती घाबरत होती असं नाही. आत्याचं मन मोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

आत्या उठल्या. त्यांनी कइयेवरचं फूल उचलून तलवारीवर ठेवलं, पेचकसावरच्या अक्षता झटकल्या आणि दोन्ही वस्तू अहिल्येच्या हातात दिल्या. "तलवार राहू दे बसलेली, तिला कुठे जायचंय," त्या म्हणाल्या. "ज्याला उद्या लढायचंय त्याला आज कामाला लागू दे. देवाला मी सांगते. दोष मला लागू दे." मग त्यांनी खरंच हात जोडले आणि पुटपुटत बराच वेळ देवाला काहीतरी समजावून सांगितलं.

विद्याधर अहिल्येशेजारी बसले. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते. "मी सांगतो, तू हात चालव," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा अहिल्येने डाख दिला. पहिले दोन सांधे फार ओबडधोबड झाले, आजही ते माझ्या पोटात आहेत आणि मला प्रिय आहेत. एकेक तार बदलली. शेवटी ती पहिल्या ट्रान्झिस्टरपाशी आली, आणि नुसता स्पर्श होताच त्याचा एक पाय मुळातून तुटून पडला. पाण्याने आणि बॅटरीने मिळून तो आधीच खाल्ला होता.

असला ट्रान्झिस्टर तेव्हा बाजारात मिळेनासा झाला होता. विद्याधरांची नजर एकदा कपाटावर गेली आणि लगेच खाली आली. कपाटावर आत्यांचा रेडिओ होता. जुना, जर्मेनियमच्या काळातला.

आत्यांनी ती नजर पाहिली. त्या कपाटापाशी गेल्या, पदराने रेडिओ पुसला, आणि टेबलावर माझ्याशेजारी आणून ठेवला.

"उघड," त्या म्हणाल्या.

"आत्या, नको. सकाळी तू काय ऐकशील?"

"तू वाजवशील ते ऐकेन. उघड म्हणते ना."

खरं सांगतो, मला त्या वेळी गुरगुरावंसं वाटत नव्हतं. आम्ही दोघं एकाच घरातून एकाच टांग्यातून आलो होतो. मी त्याच्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही, कारण त्याची बॅटरी काढलेली होती. अहिल्येने त्याच्यातला ट्रान्झिस्टर काढला आणि माझ्यात बसवला. विद्याधरांनी सांगितलं म्हणून डाख देताना तिने त्याचा पाय चिमट्याने धरला होता, म्हणजे उष्णता वर जाऊन त्याला इजा होऊ नये. बॅटरी लावली. बटण दाबलं. मी बोललो.

पहिला आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. पूर्वीपेक्षा जाड होता, आणि थोडा मऊ. विद्याधर म्हणाले, "हा आधीपेक्षा चांगलाय." आत्या आत जाऊन चहा करायला लागल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दसऱ्याच्या संध्याकाळी रेल्वेच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. अहिल्येने तिखट घरच्यापेक्षा थोडं कमी ठेवलं, कारण मोठ्या जागेत खरखर आपोआप पसरते. पहिली तीन गाणी मी बटण बंद ठेवून झोपल्यासारखा बसलो होतो. चौथं गाणं ते. जगन्नाथजींनी मान वळवून अहिल्येकडे बघितलं. तिचा पाय माझ्यावर आला, न अडखळता, आणि मी माझ्या अख्ख्या पितळेनिशी गुरगुरलो. मागची रांग पुन्हा उभी राहिली. ती वीस वर्षांपूर्वीची माणसं नव्हती, पण उठली अगदी तशीच.

विद्याधर पहिल्या रांगेत होते. त्यांचे हात गुडघ्यांवर ताल धरत होते, आणि त्या तालात त्यांचा कंप दिसत नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर जगन्नाथजी अॅकॉर्डियन पेटीत ठेवत म्हणाले, "शनिवार को रियाज़ है. पिताजी वाली कुर्सी पर बैठना, और टाइम से आना." एवढंच. अहिल्येने मान डोलावली आणि वाकून माझी बॅटरी काढली. मला काय वाटलं ते विचारू नका.

आता शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सवयीने भाजी घेऊन बसल्या आणि त्यांचा हात सवयीने कपाटाकडे गेला. तिथे रेडिओचं मुकं खोकं होतं. त्यांनी हात मागे घेतला आणि भेंडी चिरायला लागल्या. पलीकडे अहिल्या माझ्या खुंट्या तपासत होती. तिने मला अॅम्प्लिफायरला जोडलं, माझी लांब जोडतार नुसती गिटारला लावून ठेवली आणि तिखट पूर्ण वर नेलं. गिटारच्या तारांना कोणी हात लावलेला नव्हता. तरी माझ्यातून अगदी बारीक, लांबून आल्यासारखं, एक भजन ऐकू यायला लागलं.

विद्याधरांनी नंतर कारण सांगितलं. आमच्यासारख्या पेडलमध्ये लांब जोडतार कधी कधी रेडिओच्या लहरी पकडते, त्यात विशेष काही नाही. ते असेल. आत्यांनी विळी बाजूला सारली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. "हा माझा रेडिओ आहे," त्या म्हणाल्या. कोणी त्यांना नाही म्हटलं नाही. त्या सकाळपासून पुढे बारा वर्षं, आत्या होत्या तोवर, भाजी चिरायच्या वेळी मला जोडणं हे अहिल्येचं पहिलं काम असे.

मित्रांनो, आज जगन्नाथजींच्या जागी अहिल्या ऑर्केस्ट्रा चालवते. तिच्याकडे पाच नवे पेडल आहेत, सगळे हुशार आहेत, आणि माझ्याशी आदराने वागतात. माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. काम झालं की बॅटरी काढा, तार काढून ठेवा. उन्हात मोटारीत टाकून जाऊ नका. पुसायचं तर कोरड्या फडक्याने. आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी, मग ती उघडायची असो की घासायची, एकदा विचारा. या घराला ते शिकायला वीस वर्षं लागली.

खंडेनवमीला मी अजून तलवारीशेजारी पाटावर बसतो. आता अहिल्या कुंकू लावते, झाकणावर, भोकांपासून दूर. फूल वाहते. आणि मग ती सगळ्यांना सांगते की हा डबा आत्याचा आहे. आत्या सासरहून दोन वस्तू घेऊन आल्या होत्या, त्या दोन्ही मी माझ्या पितळेत जपून ठेवल्या आहेत.